चादरीवरचं रामगढ

मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणीही झोपलेलं नाही, आणि तरीही मी चादरच आहे! डबल बेडची, सुती, सांगानेरी छापाची आणि आता चांगलीच जुनी. लोक माझ्यावर झोपत नाहीत, माझ्याभोवती बसतात. कारण माझ्यावर अख्खा जयपूर जिल्हा आहे. किल्ले, डोंगर, मिठाचं सरोवर, बाजार, गाढवांची जत्रा, सगळं काही! आणि एक तलावही आहे, निळाशार. त्या तलावापायी मी एकदा खोटी ठरले. तीच गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी माझ्या जन्माचं सांगते, कारण माझा जन्मही एका चुकीतूनच झाला.

साल १९८३. विमा कंपनीतल्या प्रभाकरकाकांची सांगलीहून जयपूरला बदली झाली आणि त्यांच्यासोबत मधुमतीकाकू आल्या. घर मिळालं जवाहर नगरात. दुसऱ्याच आठवड्यात काकू एकट्या दुर्गापुऱ्याला एका ओळखीच्या बाईंकडे निघाल्या. बसमध्ये बसल्या खऱ्या, पण कुठे उतरायचं हे कुणाला विचारायची त्यांना लाज वाटली. दुर्गापुरा मागे पडलं, शेतं लागली, आणि बस शेवटी जिथे थांबली ते सांगानेर होतं.

तिथे एका छपाईच्या शेडच्या दारात त्या रडकुंडीला येऊन उभ्या राहिल्या. आत देवरामजी छीपा काम करत होते. लाकडी ठसे रंगात बुडवायचे आणि कापडावर हाताने उठवायचे, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्यांनी काकूंना स्टूल दिलं, पाणी दिलं. काकूंना तेव्हा हिंदी बोलायला जमेना, आणि देवरामजींना मराठी येईना. मग त्यांनी काय केलं असेल? समोरच्या लांब टेबलावर एक चादर ताणलेली होती. तिची किनार तिरकी छापली गेल्यामुळे ती बाद झाली होती. ती बाद चादर म्हणजे मी!

त्यांनी माझ्या मधोमध कमळाचा ठसा उठवला. "ये जयपूर." जरा खाली एक बारीक फूल. "ये सांगानेर. बाईसा, आप यहाँ हो." मग कमळाच्या वर हत्ती. "ये आमेर."

काकूंनी डोळे पुसले आणि बोट पुढे केलं. "और इधर? इधर क्या है?"

झालं! त्या एका प्रश्नातून मी घडत गेले. त्या दिवशी, आणि मग पुढच्या कितीतरी रविवारी, प्रभाकरकाका आणि काकू बसने एकेका गावाला जायचे, परत येऊन देवरामजींना सांगायचे, आणि देवरामजी माझ्यावर एक ठसा वाढवायचे. पश्चिमेला सांभर. तिथलं मीठ पांढरं, म्हणून तिथे त्यांनी काही छापलंच नाही, कोरं कापड सोडून दिलं! भावगढच्या गाढवांच्या जत्रेसाठी त्यांच्याकडे गाढवाचा ठसा नव्हता. त्यांनी घोडा छापला आणि कलमाने त्याचे कान लांब केले. अजूनही मुलं ते कान बघून हसतात. उत्तरेला विराटनगर, तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोल बौद्ध मंदिरासाठी एक कडं. आणि ईशान्येला रामगढचा बांध. तिथे नीळ भरून एक मोठा निळा डाग, त्यात तीन मासे. त्याच्या आदल्याच वर्षी, आशियाई खेळांत, तिथे होड्यांच्या शर्यती झाल्या होत्या. विराटनगरकडून एक बारीक निळी रेघ त्या डागात येऊन मिळते. ती बाणगंगा नदी. ही रेघ लक्षात ठेवा हं. आम्ही सगळे ती विसरलो होतो.

मग मला सांगानेरच्या नदीत खळखळून धुतलं आणि काठावर उन्हात वाळत घातलं. मी तयार झाले.

आणि मी कामाला लागले. बँकेत, विम्यात, केंद्र सरकारच्या ऑफिसात, लष्करात, कुठल्याही मराठी माणसाची जयपूरला बदली झाली की पहिल्या महिन्यात तो सहकुटुंब मधुमतीकाकूंकडे पोहे खायला यायचा. पोह्यांनंतर मी जमिनीवर पसरली जायचे. काकू हातात विणकामाची सुई घेऊन माझ्यावर जिल्हा दाखवायच्या. "हे शहर १७२७ सालचं, रस्ते आधी आखले आणि घरं मागून बांधली. इथे जौहरी बाजार, इथे रत्नांना पैलू पाडतात. नुसतं बघायला जा, हात लावू नका. हे बगरू, इथे मातीचा लेप देऊन छपाई करतात. हे फुलेरा, गाडी बदलायची तर इथे. हे चाकसू, इथे शीतलामातेची जत्रा. आणि हे रामगढ. तुमच्या नळाला येतं ना, ते पाणी इथलं."

काकूंचे दोन नियम होते. कुटुंबाची पुढे कुठे बदली झाली की जाताना त्यांनी आपल्या सगळ्यात आवडत्या जागेवर रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायचा. त्याला आम्ही 'बदलीचा टाका' म्हणतो. पण जिथे आपले पाय लागलेले नाहीत तिथे टाका घालायचा नाही, हा पहिला नियम. आणि जे आपण डोळ्यांनी बघितलेलं नाही ते नव्या माणसाला सांगायचं नाही, हा दुसरा.

माझ्यावर आता त्रेसष्ट टाके आहेत. आमेरवर इतके की हत्तीला झूल घातल्यासारखं दिसतं! रामगढवर अकरा आहेत, एकाने तर लाल होडीच भरली आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एकदा मला मखराच्या मागे टांगलं होतं. लोक गणपतीला नमस्कार करून झाल्यावर माझ्याकडेच बघत होते. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं.

पण चांगले दिवस कुणाचे कायम राहतात? प्रभाकरकाका निवृत्त झाले, तिथेच जवाहर नगरात राहिले आणि एका हिवाळ्यात वारले. काकूंचे गुडघे धरले. आणि नवे लोक! त्यांच्याकडे छापील गाइड होते, टीव्ही होता, गाडी होती. पोहे खायचे आणि म्हणायचे, "काकू, आम्ही बघतो ना आमचं आमचं." माझी घडी झाली, घडीवर डांबराच्या गोळ्या पडल्या, आणि मी लोखंडी पेटीत गेले. किती वर्षं? मला नाही सांगता येणार. पेटीत तारखा नसतात.

मला बाहेर काढलं ते अवनीने.

अवनी म्हणजे बँकेतल्या अभिजितकाकांची मुलगी, नववीतली. जयपूरला आली तेव्हा ती मराठीत बोलायलाच घाबरायची. वाक्य सुरू करायची आणि 'मतलब, मतलब' करत मध्येच हिंदीत शिरायची. मुलं हसायची, म्हणून मग गप्पच बसायची. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती त्यांना पेपर वाचून दाखवायला येऊ लागली. एक दिवस स्वेटर शोधताना तिला मी सापडले.

"काकू, हे काय आहे? गाढव आहे की घोडा?"

काकू पलंगावरून हसल्या. "आण इकडे. सांगते."

त्या वर्षभरात अवनी माझ्यावरचं सगळं शिकली. आणि काय बोलायला लागली! एकदा जीभ सुटली ती सुटलीच. नवं कुटुंब आलं की काकू पलंगावर आणि अवनी जमिनीवर, हातात ती सुई. "तर मंडळी, हे सांभर! इथे देवरामजींनी काही छापलंच नाही, सांगा बघू का?" लोक पोहे खायचे थांबायचे. पूर्वी 'ती मुकी मुलगी का' म्हणणाऱ्या बायका आता आपल्या मुलांना सांगायच्या, "अवनीकडून शिका जरा." मला पुन्हा ऊन लागलं, माणसांचा वास लागला. आम्ही दोघी एकदमच बाहेर आलो होतो, मित्रांनो. म्हणूनच पुढे जे झालं ते आम्हा दोघींना सारखंच लागलं.

ऑगस्ट २००६. लष्करातले हवालदार रणजित आणि त्यांची बायको तारामती नुकतेच छावणीत राहायला आले होते. दोघं साताऱ्याकडचे, खटावचे. रणजितना दहा दिवसांत सीमेवर, पूंछच्या बाजूला निघायचं होतं. तारामतीकाकी इथेच एकट्या राहणार होत्या. लग्नानंतर स्वतःच्या घरातला त्यांचा हा पहिला गणपती. मनासारखी शाडूची मूर्ती मिळेना, म्हणून त्यांनी कुंभाराकडून माती आणली आणि स्वतःच घडवली.

त्या पोहे खायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्यावर वाकून एकच विचारलं. "हितं गणपती कुठं सोडत्यात? आमच्याकडं नदीत जातो. सात दिवसांचा असतोय. ह्यांना जायच्या आदी चांगल्या पाण्यात सोडायचा हाय. बादलीत न्हाई सोडणार मी."

अवनीची सुई सरळ निळ्या डागावर गेली. "रामगढ! काकी, तिथेच जा. एवढं मोठं पाणी आहे!"

"हाय का पण पाणी? आमच्या नळाला तर एक दिवसाआड येतंय."

"अहो, टीव्हीवर नाही बघितलं? राजस्थानात पूर आलाय पूर! गावंच्या गावं बुडाली. रामगढ तर काठोकाठ भरलं असणार!"

पूर आला होता हे खरं. पण तो बाडमेरला, तिकडे पार पश्चिमेच्या वाळवंटात. बाडमेर माझ्यावर नाहीच! माझी किनार त्याच्या कितीतरी अलीकडे संपते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण चादरीला तोंड कुठलं?

पलंगावरून काकूंनी विचारलं, "अवनी, तू गेली आहेस का गं रामगढला?"

एवढे सगळे लोक बघत होते. अवनीने श्वास घेतला. "हो काकू. गेले आहे ना. शाळेच्या सहलीला."

ती गेली नव्हती. तिची सहल आमेरला गेली होती. इतकं छोटंसं खोटं, एका घोटात पाणी प्यावं तसं ती बोलून गेली. आणि काकूंनी मान डोलावली.

सातव्या दिवशी, शनिवारी, भाड्याची एक जीप निघाली. पुढे रणजित आणि ड्रायव्हर. मागे तारामतीकाकी, त्यांच्या मांडीवर गणपती, आणि शेजारी वाट दाखवायला अवनी. मूर्तीला धक्के लागू नयेत म्हणून तिच्याखाली घडी करून मी. घरी आरती झाली होती, उत्तरपूजा झाली होती. तारामतीकाकी वाटभर मूर्तीशी बोलत होत्या. "सोंड जरा जाड झाली रं तुझी. पुढच्या वर्साला नीट करीन."

"पुढच्या वर्षी मीच करतो," पुढून रणजित म्हणाले. "तुझा बाप्पा पैलवान दिसतोय."

सगळे हसले. अवनी हसली नाही. रस्ता डोंगरात शिरला तशी ती खिडकीबाहेर बघत बसली होती. डोंगर हिरवे होते, पण वाटेतल्या एकाही ओढ्यात पाणी नव्हतं. जमवाय मातेचं देऊळ मागे गेलं. मग बांधाची भिंत दिसू लागली, उंच, लांबच लांब, दगडी. ड्रायव्हर काहीतरी म्हणणार होता, पण रणजित आधीच उतरून भिंतीवर चढले होते.

ते तिथेच नुसते उभे राहिले.

मित्रांनो, माझ्यावर तो तलाव हाताच्या पंजाएवढा आहे. खरा तर क्षितिजापर्यंत गेलेला होता. पण तो निळा नव्हता. तो हिरवा होता! गवताचा हिरवा, बाभळीचा हिरवा. मध्ये कुणीतरी बाजरी पेरली होती. नावा लागायच्या त्या पायऱ्या खाली खाली जात होत्या आणि शेवटच्या पायरीवर एक शेळी उभी राहून पाला खात होती.

तारामतीकाकी गणपती घेऊन वर आल्या. त्यांनी बघितलं. पुन्हा एकदा, जणू दुसऱ्या बाजूला कुठे असेल म्हणून, बघितलं. मग त्या अवनीकडे वळल्या.

"पोरी, तू बगितलंवतंस न्हवं?"

अवनीची जुनी 'मतलब, मतलब' परत आली. "काकी, मतलब... मी... मतलब, टीव्हीवर..."

"टीव्हीचं न्हाई इचारत. तू आली हुतीस का हितं?"

"नाही."

"मग कशापायी सांगितलंस?"

"सगळे ऐकत होते," अवनी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

तारामतीकाकी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त पायरीवर बसल्या, मूर्ती पदराखाली घेऊन, जणू तिने हे सगळं बघू नये. "परवा ह्ये जाणार. मला वाटलं, दोघांनी मिळून पाण्यात उभं राहावं, एवढंच. आता उत्तरपूजा झालेला देव माघारी घरी कसा न्यायचा?"

खालून एक म्हातारी गुराखीण आपल्या शेळ्या सोडून वर आली. तिच्या काखेत पितळेची घागर होती. अवनीने डोळे पुसत तिला विचारलं, "अम्मा, पानी कब से नहीं है?"

"पाणी?" म्हातारीने हवेत हात फिरवला. "कठै छै पाणी, बेटी? ऊपर ही रोक लियो सबने. कोई बांध लियो, कोई खेत बणा लियो. बाणगंगा अठै ताईं आवै ही कोनी." वरच लोकांनी अडवलं, कुणी बंधारे घातले, कुणी पात्रात शेतं केली, नदी इथवर पोचतच नाही, असं ती सांगत होती.

माझ्यावर ती बारीक निळी रेघ अजून सलग होती.

रणजित इतका वेळ खाली जाऊन जमीन बघत होते. ते परत आले, जीपच्या मागून फावडं काढलं आणि म्हणाले, "तारा, देव पाण्यात सोडायचा, तर जिथं पाणी होतं ती जागा काय वाईट? आपण खड्डा करू."

"आणि पाणी?"

म्हातारीने एकवार मूर्तीकडे बघितलं आणि एकवार आपल्या घागरीकडे. देवळाजवळच्या हातपंपावरून, अर्धा तास दांडा मारून भरून आणलेली ती घागर होती. तिच्या दिवसभराचं पाणी. ती जरा पुटपुटली, मग म्हणाली, "ले लो. गणेशजी छै."

तलावाच्या तळाशी, पायऱ्यांपासून थोडं पुढे, रणजितनी खणलं. वरची वीतभर माती ओली होती, खाली दगडासारखी. बराच वेळ लागला. मग प्रश्न आला मूर्ती खाली ठेवायची कशी, कडा ढासळत होत्या. तारामतीकाकींनी मला उचललं, उलगडलं, आणि मूर्ती माझ्या मध्यावर ठेवली. दोन टोकं रणजितनी धरली, एक त्यांनी.

"चौथं कोण धरणार?" त्या अवनीकडे न बघताच म्हणाल्या.

अवनीने धावत येऊन चौथं टोक धरलं.

मी गणपतीला घेऊन खाली गेले, मित्रांनो. घागरीतलं पाणी हळूहळू ओतलं गेलं. माती विरघळू लागली. आधी हात गेले, मग ती जाडी सोंड. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायची वेळ आली तेव्हा तारामतीकाकी अजून वाकून शेवटचं पाणी ओतत होत्या. रणजितच म्हणाले, हळू, आणि ते देवाला म्हणत होते की बायकोला, मला समजलं नाही. मग माती मागे ठेवून त्यांनी मला वर ओढून घेतलं. गाळ माझ्यात पार मुरला होता. कमळापासून पूर्वेकडच्या किनारीपर्यंत, रामगढच्या निळ्यावर, माशांवर, लाल होडीवर, सगळीकडे तपकिरी डाग पडला होता.

जीप काकूंच्या घरापाशी परत आली. मला दाराशी अवनीच्या हातात देताना तारामतीकाकी एवढंच म्हणाल्या, "ही धू, न्हाईतर फाडून फडकी कर. असली चादर कुणाला दाखवू नगंस."

आता माझं काय होणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. अवनी मला पोटाशी धरून मधुमतीकाकूंच्या पलंगापाशी उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. खोटं बोलल्यापासून शेळीपर्यंत, काही वगळलं नाही. शेवटी म्हणाली, "काकू, आता मी कुणालाच काही सांगणार नाही. मला नाही जमत."

काकूंनी माझा डागाळलेला भाग स्वतःच्या पांघरुणावर पसरला. "तू एकदा न बघता सांगितलंस. मी शेवटची रामगढला गेले ते चौऱ्याण्णव साली, प्रभाकरांबरोबर. तेव्हाच पाणी पायऱ्यांपासून लांब गेलं होतं. त्यानंतर बारा वर्षं मी घरात बसून, जो कुणी विचारेल त्याला निळं निळं म्हणून सांगत राहिले. नळाला पाणी कमी झालं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही." त्यांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि मी तलाव सांगायचे. नदी कधी सांगितलीच नाही."

"मग हिला फाडायचं?" अवनीने विचारलं.

"आधी देवरामजींना विचारून ये, डाग निघेल का."

देवरामजी तोवर खूप थकले होते. त्यांनी मला नाकाशी धरलं, डोळ्यांशी धरलं. "निकल जाएगा," ते म्हणाले. "पर कहाँ धोऊँ, बेटा? नदी तो देख." शेडमागची सांगानेरची नदी, जिच्यात मी लहानपणी धुतली गेले होते, ती काळी-जांभळी झाली होती, रसायनांच्या रंगांनी, आणि तिच्यावर फेस होता. ज्या धंद्याने मला जन्म दिला त्याच धंद्याने हे केलं होतं. देवरामजींनी ते लपवलं नाही. "हमने ही किया," ते म्हणाले, आणि माझी घडी घालून परत दिली.

अवनी बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसली. दुर्गापुरा यायच्या आत तिने ठरवलं होतं. डाग धुवायचा नाही.

पण ठरवणं सोपं असतं. दोन महिने अवनीने सुई हातात घेतली नाही. नवी कुटुंबं आली, पोहे खाऊन गेली. मी पेटीत नव्हते, खुर्चीवर होते, पण पसरली गेले नाही. छावणीत तारामतीकाकी एकट्या. अवनी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

मग अभिजितकाकांच्या बदलीची ऑर्डर आली. भुवनेश्वर. पंधरा दिवसांत निघायचं.

बदलीचा टाका घालायचा दिवस आला. काकूंनी दोऱ्यांचा डबा पुढे केला आणि मला उलगडलं. त्याच वेळी दारावर थाप पडली. तारामतीकाकी होत्या. हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू.

"ऐकलं, निगालात म्हणून," त्या अवनीला म्हणाल्या. "ह्यांचा फोन आलावता. दर फोनला ह्ये एकच इचारत्यात. पाणी आलं का गं रामगढला? मी म्हणते, तुमाला तिकडं काय कमी काम हाय? तर म्हणत्यात, आपला देव हाय तिथं, इचारायला नगं?" त्या खाली बसल्या. "आता मलाबी सारखं त्येच येतं मनात. कुठंबी ढग दिसला की."

अवनीने डब्यातून तपकिरी दोरा काढला. "काकी, मी रामगढवर टाका घालणार आहे. तिथे माझे पाय लागले आहेत."

"आवडती जागा व्हय ती तुझी?"

"नाही," अवनी म्हणाली. "पण खरी आहे."

मग तिने निळ्या डागाच्या मधोमध एक छोटीशी घागर भरली, तपकिरी दोऱ्याने. बाणगंगेच्या रेघेवर, विराटनगरच्या खाली, तीन जागी आडवे टाके घातले, जिथे नदी थांबते; त्या जागा ती एका रविवारी अभिजितकाकांबरोबर जाऊन बघून आली होती. कापड सरकत होतं. तारामतीकाकींनी न सांगता दुसरी बाजू धरली, जशी त्या दिवशी धरली होती. शेवटी अवनी गाठ मारू लागली.

"घट्ट मार की," तारामतीकाकी म्हणाल्या. "असली गाठ सुटंल."

"सुटू दे, काकी. सुटायलाच हवी. पाणी आलं की हा टाका उसवायचा आहे."

तारामतीकाकींनी विणकामाची सुई उचलली, निळ्यावर टेकवली आणि जणू समोर नवं कुटुंब बसलं आहे अशा आवाजात म्हणाल्या, "हे रामगढ. हितं पाणी हुतं. मी बगितलं तवा नव्हतं. मी आल्ते जाऊन." आणि अवनीकडे वळून, "असंच सांगायचं न्हवं?"

अवनी भुवनेश्वरला गेली. आता सुई तारामतीकाकींच्या हातात असते. सांगानेरचं फूल आलं की त्या नदीचं काळं पाणीही सांगतात, आमेरचा हत्ती आला की डोंगरावर चढताना पाय कसे दुखले तेही. काही लोक म्हणतात, एवढं वाईट कशाला सांगता, पाहुणे घाबरतील. पण मला आता बरं वाटतं. डागाळलेली असले तरी मी खरी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात एखादा नकाशा असेल. त्याच्यावर निळं दिसलं तर त्याला नुसतं बोट लावू नका, एकदा तिथवर चालत जाऊन बघा. निळं असेल तर ते जपा, आणि त्याच्याकडे येणाऱ्या बारीक रेघेला आधी जपा. नसेल तर ते खरं सांगा, सगळे ऐकत असले तरी.

माझ्यावरची ती गाठ अजून सैल आहे. दर पावसाळ्यात तारामतीकाकी तिला एकदा बोट लावून बघतात. मी वाट बघते आहे की कुणीतरी यावं, चिखलाने भरलेले ओले पाय माझ्या किनारीवर ठेवावेत, आणि ती ओढावी.